लिंबढाण्याची खुर्ची परदेशी गेली

लिंबढाण्याची सरपंच जयवंता घागरे होती, आणि ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. फक्त कामाच्या वेळी ती कोणाच्या ध्यानात राहत नसे.

सरपंच व्हायचं स्वप्न तिच्या नवऱ्यानं, पुंडलिकरावांनी, मिसरूड फुटल्यापासून पाहिलं होतं. लोकांच्या बारशाला गेले, तेराव्याला गेले, जामसांवलीच्या हनुमानाला किती शनिवार पायी गेले. आणि ऐन निवडणुकीच्या तोंडावर जागा महिलांसाठी राखीव झाली. त्या दिवशी पुंडलिकरावांनी तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही. संध्याकाळी जयवंता जेवणाचं विचारायला आली, तेव्हा तिच्याकडे पाहता पाहता त्यांना एकाएकी आठवलं की आपल्याला बायको आहे. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली होती, पण एवढ्या आनंदानं त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं.

बॅनरवर पुंडलिकराव हात जोडून उभे होते आणि कोपऱ्यात, अंगठ्याएवढी, डोक्यावर पदर घेतलेली जयवंता होती. ती निवडून आली. मिरवणुकीत हार पुंडलिकरावांना पडले. जयवंता तेव्हा घरी होती, कारण मिरवणुकीला चहा लागतो.

त्यानंतर तिच्या आयुष्यात एकच फरक पडला. पंचायतीचे सचिव तुषार बावणे दर दोन-चार दिवसांनी कागद घेऊन घरी येत, आणि पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवून ती जिथं बोट दाखवलं तिथं सही करी. सरपंचाचा शिक्का पुंडलिकरावांच्या शर्टाच्या खिशात असे. पंचायतीत त्यांनी नागपूरहून उंच पाठीची, गोल फिरणारी खुर्ची आणवली होती. तिच्यावर पांढरा टॉवेल, टॉवेलवर पुंडलिकराव. गाव मध्य प्रदेशाच्या हद्दीत, त्यामुळं कचेरीची भाषा हिंदी. सौंसरच्या कचेरीतले साहेबसुद्धा त्यांना ‘सरपंच साहब’ म्हणत, आणि जयवंता भेटलीच तर ‘भाभीजी, चाय बढ़िया है.’

भानगड पाण्यावरून झाली. गावात नळयोजना आली. वरच्या गल्लीत तोट्या लागल्या, पण खालच्या मोहल्ल्याकडे जाणारा पाइप घागऱ्यांच्या संत्र्याच्या बागेपाशी येऊन थांबला. पुंडलिकराव म्हणत, तांत्रिक अडचण आहे. ती अडचण म्हणजे त्यांच्याच संत्र्याच्या झाडांची बांधालगतची ओळ होती, आणि ती गावातल्या आंधळ्यालाही दिसत होती. खालच्या मोहल्ल्यातल्या बाया डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन विहिरीला जात राहिल्या.

मोहल्ल्यातल्या बचत गटाची पुढारी करुणा सोमकुवर ही तोंडाची खणखणीत. एका सकाळी ती आठ-दहा बाया घेऊन पंचायतीत आली.

“सरपंच कुठं हाय?” तिनं विचारलं.

“हा काय, समोर बसून हाय,” पुंडलिकराव खुर्चीत गर्रकन फिरून म्हणाले.

“भाऊ, तुमी बाई कधी झाले?”

तुषारला हसू दाबताना ठसका लागला. बायांना ते दाबायचं कारण नव्हतं. पुंडलिकराव लाल होऊन उभे राहिले आणि तिथंच त्यांची चूक झाली, कारण ते उठल्याबरोबर करुणानं खुर्ची मागं ओढली.

“आता हिच्यावर सरपंचच बसन. तवरोक कोणी नाही. आमी इथंच बसून राहतो.”

आणि खरंच बसल्या. कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या संध्याकाळी येत, घरी असणाऱ्या दुपारी. पुंडलिकराव खुर्चीकडे सरकले की सगळ्या एका सुरात ओरडत, “बाईची खुर्ची!” पुंडलिकरावांनी काही दिवस उभ्यानं कारभार केला, मग स्टूल आणलं. स्टुलावर बसल्यावर त्यांचं बोलणंसुद्धा बुटकं वाटायला लागलं.

हे सगळं जिच्यासाठी चाललं होतं ती जयवंता घरी ठेचा कुटत होती. करुणा तिला बोलवायला आली.

“चाला न वैनी. तुमची खुर्ची राखून ठेवली आमी.”

“मी म्हटलं होतं काय राखाले?” जयवंता वर न पाहता म्हणाली.

तिला खरोखरच राग आला होता. तिला सरपंच करणाऱ्यानं तिला विचारलं नव्हतं आणि आता नवऱ्याला उठवणाऱ्यांनीही विचारलं नव्हतं. शिवाय संध्याकाळ तिची तिलाच निभवायची होती. पुंडलिकराव बायकोवर हात उचलणारे नव्हते. ते फक्त जेवत नसत. ताट सरकवून भिंतीकडे तोंड करून बसत, आणि मग म्हातारी सासू, शेजारीपाजारी, सगळे मिळून जयवंताला विचारत की तू त्याला म्हटलं तरी काय. या उपोषणांपुढे तिनं आजवर प्रत्येक वेळी हात टेकले होते.

वरच्या गल्लीतल्या लीलाबाईची मुलगी डिंपल सौंसरच्या कॉलेजात शिकत होती. तिनं रिकाम्या खुर्चीचा, स्टुलावरच्या पुंडलिकरावांचा आणि “बाईची खुर्ची!”चा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. तो पांढुर्ण्यात फिरला, छिंदवाड्यात फिरला, कोणीतरी त्याला इंग्रजी अक्षरं लावली, आणि एके दिवशी तो बेल्जियममधल्या गेंट नावाच्या शहरात जाऊन पोचला. तिथल्या बायांची एक संघटना होती. जगात कुठं अन्याय झाला की त्या चौकात जमत. लिंबढाण्याची बातमी कळताच त्या रिकाम्या खुर्च्या घेऊन चौकात आल्या, खुर्च्या ओळीनं मांडल्या आणि स्वतः भर पावसात जमिनीवर बसल्या.

डिंपलनं मोबाइल सगळ्यांना दाखवला.

“काहून बसून राहिल्या व त्या पावसात?” लीलाबाईनं विचारलं. “खुर्च्या त हायेत जवळ.”

“आई, ते समर्थन हाय.”

“त्यायच्या इथं बी नळ नाही काय?”

“त्यायच्या घरी गरम पाण्याचा बी नळ हाय. त्या आपल्या जयवंता काकूसाठी बसल्या.”

डिंपलनं मग ते फोटो जयवंताच्या घरी नेऊन दाखवले. एका फलकावर एक बाई काढली होती. नाकात ताटलीएवढी नथ, राजस्थानी घागरा, हातात साखळदंड, डोळ्यात अश्रू.

“ही कोण होय?” जयवंतानं विचारलं.

“काकू, तुमीच.”

जयवंतानं चष्मा लावून पुन्हा पाहिलं. गेंटच्या त्या बायांनी तिच्या नावाच्या घोषणा दिल्या होत्या, ‘जायव्हान्टा, जायव्हान्टा’ अशा. तिच्या स्वतःच्या गावात तिचं नाव इतक्या वेळा कोणी घेतलं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मग पांढुर्ण्याच्या कचेरीतून फोन आला की परदेशी पाहुणे गावात येणार आहेत. पुंडलिकरावांना घाम फुटला. पण पाहुण्यांबरोबर पोलीस नसून कॅमेरे आहेत असं कळताच तो घाम वाळला, आणि त्यांच्या मनात स्त्रियांच्या हक्कांविषयी खोल तळमळ उत्पन्न झाली. गावाच्या तोंडाशी कमान उभी राहिली: ‘नारी शक्तीचे हार्दिक स्वागत. स्वागतोत्सुक: पुंडलिकराव घागरे, सरपंच पती.’ खुर्चीला त्यांनी झेंडूची माळ घातली आणि तिच्याभोवती दोरी बांधून तुषारला ताकीद दिली, “हिच्यावर कोणी बसलं तर याद राख. आंदोलनाची खुर्ची हाय ते.”

पाहुण्या येणार त्याच्या आदल्या दुपारी खालच्या मोहल्ल्यातली शांताबाई जयवंताकडे आली. पायाला फडकं बांधलं होतं. विहिरीच्या पायरीवरून गुंडासकट घसरली होती.

“पाय कसा हाय शांताबाई?” जयवंतानं विचारलं.

“पायाचं सोड. एक सांगाले आली. तुले वाटत असन, ह्या बाया माह्यासाठी बसून राहिल्या. तुह्यासाठी नाही बसलो व बाई आमी. पाण्यासाठी बसलो. तू त्या जाग्यावर आली त पाणी येईन, असं वाटलं. नसन जमत त तसं सांग. आमी आपल्या घरी जातो, वेचणी पडून हाय.”

एवढं बोलून शांताबाई लंगडत निघून गेली. चहासाठीसुद्धा थांबली नाही.  आजवर जयवंताला जे भेटत होते ते तिच्यासाठी काहीतरी करत होते. नवऱ्यानं तिच्यासाठी निवडणूक लढवली, करुणानं तिच्यासाठी खुर्ची राखली, गेंटच्या बाया तिच्यासाठी भिजल्या. तिच्याकडे काहीतरी मागायला आलेली शांताबाई पहिलीच होती. उद्या खुर्चीवर बसायचं, असं तिनं तेव्हाच ठरवलं. पुंडलिकराव भले महिनाभर जेवले नाहीत तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या आल्या. एक मार्लीन, उंच, तरुण, गळ्यात कॅमेरा आणि डोळ्यांत पाणी तयार. दुसरी एल्स, पांढऱ्या केसांची, जाड चपलांची, कमी बोलणारी. त्यांच्याबरोबर भोपाळहून रश्मी नावाची दुभाषी आली होती. ती इंग्रजीचं हिंदी करी, आणि गावाच्या मराठीपाशी आली की आशेनं डिंपलकडे पाही.

पुंडलिकरावांनी भाषण केलं. स्त्री ही देवी आहे, स्त्री ही शक्ती आहे, आणि आपल्या घरात तिला किती स्वातंत्र्य दिलं आहे, हे त्यांनी तपशीलवार सांगितलं. मग एल्सनं जयवंताकडे वळून काहीतरी विचारलं.

“मॅडम पूछ रही हैं,” रश्मी म्हणाली, “आपको क्या चाहिए?”

जयवंतानं तोंड उघडलं.

“इसको कुछ नहीं चाहिए,” पुंडलिकराव म्हणाले. “सब है घर में. फ्रिज भी है.”

एल्सनं पुंडलिकरावांकडे शांतपणे पाहिलं आणि वहीत काहीही लिहिलं नाही.

तेव्हा जयवंता उठली.  ती सगळ्यांच्या मधून चालत गेली, दोरी उचलली, माळ बाजूला केली आणि खुर्चीवर बसायला वाकली.

“नो! नो, नो!” मार्लीन किंचाळत धावली.

“भाभीजी, अभी मत बैठिए!” रश्मीनं तिचा दंड धरला. “खाली चाहिए! खाली कुर्सी की ही तो पहचान है!”

“काकू, थांबा न, फ्रेम बिघडते!” डिंपलसुद्धा म्हणाली.

जयवंता वाकल्या वाकल्याच थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं जो धीर केला होता, तो स्त्रीमुक्तीच्या कामात आड आला. तिला खुर्चीच्या पायाशी बसवण्यात आलं. मान जरा खाली, पदर जरा पुढे, नजर खुर्चीकडे. मग तिच्या घरी जाऊन चुलीपाशी फोटो झाले. गॅसची शेगडी पोत्याखाली झाकली. करुणा बाहेर दात खात उभी होती.

“वैनी, तुमी बसत होत्या न?” तिनं हळूच विचारलं.

“हो व.”

“मी पाह्यलं,” करुणा म्हणाली. पहिल्यांदाच दोघींनी एकमेकींकडे नीट पाहिलं. मग करुणानं पदर खोचला, रश्मीला एका हाताला धरलं, एल्सला दुसऱ्या, आणि दोघींना चुलीपासून ओढून खालच्या मोहल्ल्याकडे घेऊन गेली. थांबलेल्या पाइपचं तोंड दाखवलं. संत्र्याची ओळ दाखवली. शांताबाईचा सुजलेला पाय दाखवला. एल्सनं एक भरलेला गुंड दोन्ही हातांनी उचलून पाहिला, परत खाली ठेवला, आणि संत्र्याच्या ओळीकडे बघत विचारलं, “झाडं कोणाची?” रश्मीनं त्याचं हिंदी करायच्या आधीच करुणानं पंचायतीकडे बोट केलं.

निघताना मार्लीननं मोठी बातमी सांगितली. गेंटला जगभरच्या स्त्रीलढ्यांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात लिंबढाण्याची खुर्ची हवी होती, आणि खुर्चीबरोबर जयवंता. पण जयवंताकडे पासपोर्ट नव्हता. तो पुंडलिकरावांकडे होता. संत्रा उत्पादकांच्या परदेश सहलीसाठी काढला होता आणि ती सहल कधी निघालीच नव्हती.

“घरचा माणूस जाईन न मंग,” पुंडलिकराव नम्रपणे म्हणाले. “कर्तव्य हाय.”

मार्लीनला ही कल्पना पटेना. नवरा कसा चालेल? पण एल्सनं तिला बाजूला नेलं आणि बराच वेळ तिच्या कानाशी बोलली. परत आल्यावर रश्मीनं जाहीर केलं की खुर्ची स्वखुशीनं सोडणारा पती म्हणून श्री. घागरे यांना सन्मानानं निमंत्रण आहे. पुंडलिकरावांनी डोळे पुसले. बायांकडे पाहून एल्स जराशी हसली, पण त्या वेळी ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

व्हिसा यायला वेळ लागला. फेब्रुवारीत, बागेत मृगाचा बहार पिकत आलेला असताना, खुर्ची प्लॅस्टिकच्या फुगेरी कागदात गुंडाळून टेम्पोत चढली. पुंडलिकराव नवा सूट, जुनी कानटोपी आणि चिवड्याचे डबे घेऊन निघाले. गाव नागपूरच्या रस्त्यापर्यंत पोचवायला गेलं. सरपंचाचा शिक्का त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता. परदेशात कुठं ठप्पा मारायची वेळ येईल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी राहिला तर काय होईल, हेही त्यांना माहीत असावं.

दुसऱ्या सकाळी जयवंता पंचायतीत गेली. तुषार ताडकन उठला.

“मॅडम, खुर्ची नाहीये.”

“मी खुर्ची पाहाले नाही आली. बसाले आली.”

ती पुंडलिकरावांच्या स्टुलावर बसली. करुणा आणि बाकीच्या बाया भिंतीशी बसल्या. पहिला दिवस वाईट गेला. तिनं सही भलत्या ठिकाणी केली, एका अर्जावर ‘मंजूर’ म्हणून टाकलं आणि मग कळलं की तो दारूच्या दुकानाचा आहे. तो फाडायला तुषारच्या हातापाया पडावं लागलं. घरी येऊन ती रडली. दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशी बसनं सौंसरला जाऊन तिनं बाजारातून नवा शिक्का करून आणला. शिक्के बनवणाऱ्यानं गिऱ्हाइकाकडे मान वर करूनही पाहिलं नाही. सत्ता हातात घ्यायला इतका कमी वेळ लागतो, हे तिला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

तशीच ती कचेरीत गेली. साहेब खुर्चीतूनच हसले.

“नमस्ते भाभीजी. सरपंच साहब नहीं आए?”

“आले,” जयवंता समोर बसत म्हणाली. “बोला.”

साहेबांनी दाराकडे पाहिलं, करुणाकडे पाहिलं, आणि मग पहिल्यांदाच पाइपच्या कामाविषयी तिच्याशी बोलले. अडचण काही नव्हती. बागेच्या मालकाची हरकत नसली तर काम लगेच सुरू होण्यासारखं होतं. बागेचा खसरा, म्हणजे सातबारा, जयवंताच्या नावानं होता. सबसिडीसाठी पुंडलिकरावांनीच तो तिच्या नावानं केला होता.

तिकडे गेंटमध्ये खुर्ची काचेच्या दालनात मांडली होती. शेजारी पुंडलिकरावांनी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नमस्कार करायचा, एवढंच काम होतं. पण दोन दिवस उभं राहून त्यांचे गुडघे भरून आले. तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्याची नजर चुकवून ते टेकले. जुन्या सवयीनं गर्रकन एक चक्करही मारली.  मग टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हे नाटक आहे: बाईची जागा पुरुष कसा बळकावतो, याचं जिवंत चित्रण. एका बाईला तर हुंदका आवरेना.

रात्री त्यांचा फोन आला.

“जयवंता, इथं थंडी बेकार हाय. भाकर नाही. मी बसलो की लोक टाळ्या वाजवून राहिले. काहून ते समजत नाही.”

“बसत राहा मंग,” जयवंता म्हणाली.

थोड्याच दिवसांनी रश्मीचा भोपाळहून फोन आला. तिचा आवाज जरा अवघडलेला होता. “जयवंताजी, एल्स मॅडम पूछ रही हैं... पाइप का काम पूरा होने में और कितना समय लगेगा? और शहरों से भी बुलावा है, वो भेज सकती हैं. बस इतना जानना है, कितने शहर?”

‘कितने शहर’ हे जयवंतानं मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं. मग हळूहळू तिला उमगलं आणि ती एकटीच हसायला लागली. इतकं की सासूनं आतून विचारलं, काय झालं व?

“त्यायले म्हणा,” ती म्हणाली, “खोदकाम चालू हाय. अजून बराच मुलूख दाखवा त्यायले.”

मार्लीनच्या संघटनेनं पावसात बसून, फलक रंगवून, फोटो काढून जे केलं त्यानं लिंबढाण्याच्या पाइपचं एक नळकांडंही हललं नव्हतं. एल्सनं मात्र एका नवऱ्याला खुर्चीसकट शहरोशहरी फिरवलं. ब्रसेल्स, अँटवर्प, मग सीमेपलीकडचं कुठलं तरी गाव. सगळीकडे ते बसले आणि सगळीकडे टाळ्या पडल्या.

खोदकामाच्या दिवशी मजूर संत्र्याच्या ओळीपाशी येऊन थांबले आणि जयवंताकडे बघू लागले. झाडांवर फळ लागलेलं होतं. ही झाडं तिनं स्वतः लावली होती. विहीर आटली त्या उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून जगवली होती. बागेवर तिचा जितका जीव होता तितका पुंडलिकरावांचाही नसेल. ती पुढे झाली, पदरात मावतील तेवढी संत्री तोडली आणि शांताबाईच्या ओट्यावर ओतली.

“तोडा,” ती मजुरांना म्हणाली. पहिल्या झाडावर कुऱ्हाड पडली तेव्हा तिनं तोंड फिरवलं. करुणा तिच्याजवळ येऊन उभी राहिली. 

पुंडलिकराव परतले तोवर खालच्या मोहल्ल्यात तोट्या लागल्या होत्या. खुर्ची परत आली नाही. तिकडच्या संग्रहालयानं ती ठेवून घेतली. पुंडलिकरावांनी बागेतली चरी पाहिली. ते घरी आले, ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

“झाकून ठेवलं,” जयवंता म्हणाली आणि मीटिंगला निघून गेली. संध्याकाळी येऊन पाहते तर ताट धुऊन पालथं घातलेलं होतं.

पुढे पुंडलिकराव स्त्री-स्वातंत्र्याचे जाणकार म्हणून नावारूपाला आले. पांढुर्ण्याला महिला दिनाच्या कार्यक्रमात त्यांचं व्याख्यान झालं. जयवंतालाही बोलावणं होतं, पण तिला जाता आलं नाही. त्या दिवशी लीलाबाई वरच्या गल्लीतल्या बायांना घेऊन पंचायतीवर आली होती. खालच्या मोहल्ल्याला पाणी गेल्यापासून वरच्या तोट्यांना धार उरली नव्हती.

“जयवंताबाई, जवाब द्या!” बाया ओरडत होत्या. “पाणी पळवणारी सरपंच!”

पुंडलिकरावांचं कोणी नावसुद्धा काढत नव्हतं. तुषारनं घाबरून दार लावायला घेतलं.

“राहू दे उघडं,” जयवंता म्हणाली आणि पायरीवर आली.

करुणा खालच्या मोहल्ल्यातून धावत आली, आणि आमची धार कमी केली तर आम्हीही बसतो, असं तिनं आल्या आल्या सांगून टाकलं. मग दोन्हीकडच्या बाया एकमेकींवर आणि मधल्या मधे जयवंतावर तुटून पडल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. लीलाबाईला दोन शब्द सुनावले, करुणाला चार. शेवटी ठरलं की सकाळी वरच्या गल्लीला पाणी, संध्याकाळी खालच्या. हे कोणालाच पटलं नाही. दोन्ही गल्ल्या सारख्याच नाराज होऊन, तिच्या नावानं बोटं मोडत घरी गेल्या, आणि जयवंता तुषारला घेऊन व्हॉल्व्ह फिरवायला टाकीकडे निघाली.